उतार किती ठेवायचा

३ फेब्रुवारी

सातवीनंतर मी सहीशिवाय काही लिहिलेलं नाही. पण आज जे पाहिलं ते पोटात राहत नाही. पहिलवानाला सांगायला गेलो तर म्हणाला, "पाठ गेलीय, उद्या सांग." उद्यापर्यंत थांबायचा माझा पिंड नाही. म्हणून ही वही.

आमच्या टोळीचं काम सोपं आहे. जड वस्तू इथून उचलायची, तिथे ठेवायची. कपाटं, फ्रीज, पियानो, एकदा तर कुणाचा तरी दगडी हौद. आज एका दुकानातून एक लांबलचक खोकं दातांच्या डॉक्टरांच्या घरी चढवायचं होतं. लिफ्टमध्ये मावेना, म्हणून जिन्याने नेलं. वळणावर पहिलवान खालच्या बाजूला सापडला (टोळीत सगळ्यात काटकुळा तो, म्हणून पहिलवान) आणि ओरडायला लागला, "माझ्या बायकोला सांभाळा रे!" मुकादम वरून म्हणाला, "आधी लग्न कर, मग सांभाळतो. उचल!"

वर खोकं फाडलं. बसवून द्यायला दुकानातली दुरुस्तीवाली बाई आमच्या मागोमाग आली होती. तिने आम्हाला पेटी धरायला लावून चार पाय बसवले, दुमडलेली मागची फळी उभी केली, सपाटी पाहायची पाणसळ ठेवून पायांखालचे आटे फिरवले. मग वायर लावून कळ दाबली.

काचेखाली एक समुद्र जागा झाला. त्यात दीपगृह होतं आणि त्याचा दिवा खरोखर फिरत होता. खडक होते, एक फुटकं गलबत होतं, त्यात शिरायची वाट होती. दिवे तर इतके, आणि ते एकमेकांना निरोप दिल्यासारखे एकामागून एक लागत होते. बाईने दांडा ओढून सोडला आणि उजवीकडून पोलादाची गोळी धावत आली.

ती गोळी! तिच्यात अख्खी खोली होती. खिडकी, डॉक्टर, मुकादमाचं टक्कल, सगळं तिच्यावर बसून पळत होतं. वर जायची, ठोकर खायची, उसळायची, आणि काही झालं तरी शेवटी खाली यायची. खाली दोन छोटे हात असतात, पेटीच्या दोन बाजूंच्या बटणांनी चालणारे. गोळी त्यांच्यामधून निसटली की गेली. तिला परत वर धाडायचं, एवढाच खेळ. पिनबॉल म्हणतात त्याला.

बाई म्हणाली, "चाचणी घ्यायचीच आहे. कुणी खेळतंय का?" डॉक्टर हसून बाजूला झाले. मी पुढे झालो.

नंतर जिन्यात मुकादम म्हणाला, "भिंगरी, तुला आज पहिल्यांदा एका जागी उभा पाहिला. मला वाटलं, गेलास."

भिंगरी म्हणजे मी. का ते सांगायला नको.

४ फेब्रुवारी

डोळे मिटले की गोळी. डोळे उघडले की मुकादम.

९ फेब्रुवारी, रविवार

सुट्टीला मी उगाच बसमध्ये बसून फिरतो. कुठे उतरायचं नसतं, फक्त चालू असलेल्या गोष्टीत बसायचं असतं. आज त्या दुकानापाशी उतरलो.

दुरुस्तीवाली बाई एका यंत्राची काच पुसत होती. तेच दीपगृह, पण दुसरं यंत्र, अगदी कोरं, अजून कुणी न खेळलेलं. तिने मला ओळखलं. "वळणावर ओरडणारे तुम्ही का?"

"नाही, तो पहिलवान."

ती हसली आणि म्हणाली, "आतून बघायचंय?" तिने काच सरकवून काढली, समुद्राची फळी गाडीच्या बॉनेटसारखी उचलून टेकवली. माझ्या तोंडून "आई गं" निघालं. वर पाण्यावर एक गोळी एका खुंटीला शिवते, आणि त्यासाठी खाली एवढा संसार? वायरींच्या वेण्याच वेण्या, तांब्याची गुंडाळी, चाकं, पट्ट्या, प्रत्येकीला चिकटवलेली चिठ्ठी. मोठ्या कार्यासारखं वाटलं. पुढच्या दारी पाहुणे हसतायत आणि मागच्या दारी भटारखाना पेटलाय.

आणि मग मला तो दिसला. पेटीच्या डाव्या अंगाला आतून एक तार लोंबत होती. तारेला टोकदार धातूचा गोळा, त्याच्याभोवती एक कडी, पण गोळ्याला न शिवणारी. मी वाकून पाहिलं. ओळंबा! भिंत सरळ उभी आहे का ते पाहायला गवंडी दोरीला बांधून सोडतो तोच. माझ्या बाबांनी जन्मभर खिशात वागवला तोच. तो इथे, दिव्यांच्या पेटीत, काय करतोय?

बाई म्हणाली, "कुणी यंत्राला दांडगाईने हलवलं की हा कडीला लागतो. लागला की खेळ बंद. दिवे जातात, हात लुळे पडतात, गोळी वाहून जाते. टिल्ट म्हणतात त्याला."

"म्हणजे अजिबात हलवायचं नाही?"

"असं कसं? थोडं हलवायलाच हवं. नाहीतर यंत्रच तुम्हाला खेळवेल."

मी विचारलं, हे घरी नेता येईल का. ती म्हणाली घर कुठे. मी म्हणालो लांब. तिथे दुरुस्त करणारा कोण? मी म्हणालो सायकलवाला आहे. ती बराच वेळ हसली आणि मग कोपऱ्यातल्या जुन्या यंत्रांकडे बोट दाखवून म्हणाली, "मग ही नका घेऊ. यांना आठवड्याला डॉक्टर लागतो. घेतलंत तर नवं घ्या."

नवं. आमच्या घरात माझ्याशिवाय नवं असं काही आलेलंच नाही. धाकट्या बहिणीलासुद्धा माझे कपडे.

१० फेब्रुवारी

आज गोदामात पाणी गळत होतं म्हणून काम लवकर थांबलं. घराबद्दल लिहितो, म्हणजे माझं मलाच कळेल मी काय करायला निघालोय.

बाबा गवंडी. आमच्या घराची फरशी म्हणजे त्यांनी बांधलेल्या सगळ्या घरांची उरलेली फरशी. दाराशी लाल, मधे पांढरी, आईच्या चुलीजवळ कुण्या बंगल्याची हिरवी. आम्ही लहानपणी म्हणायचो, मी वकिलाच्या घरात बसलोय, तू दवाखान्यात बस. पण इतक्या जातींची फरशी असून वाटी उपडी ठेवली तरी हलणार नाही, अशी सपाट.

बाबांनी मला हाताखाली घेऊन पाहिलं. ओळंबा धरायला दिला की तो गोल गोल फिरायचा. म्हणायचे, "तुझ्या हातात ओळंबा ठरत नाही रे." चिडून नव्हे. हवा कशी आहे हे सांगावं तसं. मी इकडे निघून आलो.

मी आल्यानंतर बाबा परांचीवरून पडले. पाय जुळला, वाकडा जुळला. डॉक्टर म्हणतात चाला. ते खिडकीशी खुर्ची घेऊन बसतात. धाकटी सांगते, अख्खा दिवस समोरच्या भिंतीकडे बघतात. भिंत त्यांनीच बांधलेली आहे. चूक शोधतात की काय कोण जाणे.

तर माझ्या डोक्यात असं आहे. पिनबॉल बसून खेळताच येत नाही. उभं राहावं लागतं, दोन्ही हात पेटीला लावावे लागतात. ते दिवे एकदा लागले की बाबा उठतील. मी उठलो असतो.

पैशाचं म्हणाल तर साठवलेलं थोडं कमी पडतं. पण यंदा माझी रजा आहे. घरी जायची, येण्याजाण्याच्या खर्चासकट, ती विकता येते. मुकादमाला सांगायचं, रजा नको, पैसे द्या. म्हणजे एकतर यंत्र घरी जाईल, नाहीतर मी. दोघं नाही जाऊ शकत. पुढची रजा दोन वर्षांनी.

मी जाऊन करणार काय? दोन दिवसांत पायाला भिंगरी लागते. यंत्र निदान एका जागी राहील.

१२ फेब्रुवारी

आईला फोन केला. सगळं सांगितलं.

"खातं काय ते?"

"वीज."

"फार?"

"नाही गं. फ्रीजएवढी."

"आपल्याकडे फ्रीज नाही."

मग तिने विचारलं की आवाज करतं का, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली बसेल का, पाहुणे आले तर त्यावर ताटं ठेवता येतील का. मी म्हणालो त्यावर ताटं ठेवशील तर मी इथे प्राण सोडेन. ती हसली. मग म्हणाली, "ते आलं की बसवायला तू येशील ना?"

मी म्हणालो, "मी कशाला? धाकटी आहे. मी फोनवर सांगेन, पाय लावायचे, पेच आवळायचे, सोपं असतं." मग रजेचंही समजावून सांगितलं.

तेवढ्यात रेंज गेली असावी. बराच वेळ काही ऐकूच आलं नाही. मग धाकटीचा आवाज आला, "दादा, आईचं दूध उतू गेलं, ठेवते."

१६ फेब्रुवारी, रविवार

बाबा फोनवर आले. दोन वर्षांत ते "बरा आहेस ना" आणि "बरं" याच्यापुढे गेलेले नाहीत. आज एकदम म्हणाले, "वजन किती?"

"कुणाचं?"

"तुझ्या त्या यंत्राचं."

"दोन माणसांएवढं. जाड माणसं."

"पाया कसला लागतो?"

"पाया नाही लागत बाबा, त्याला पाय असतात."

"जडाला पाया लागतोच."

मी त्यांना ओळंब्याचं सांगितलं. सांगताना माझीच जीभ अडखळली, इतकं ते अजूनही खरं वाटत नाही. मग म्हणाले, "कशाला असतो त्यात?"

"जास्त हलवलं की खेळ बंद पडतो."

"बरोबर आहे," म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.

ते "बरोबर आहे" मला उद्देशून होतं, मला ठाऊक आहे. एकूण रागरंग असा की नको म्हणायला कारण शोधतायत.

१९ फेब्रुवारी

शंका येतात. एकदा वाटतं, आईला त्यापेक्षा फ्रीज दिला तर? पण फ्रीजसमोर कोण उभा राहून तोंड उघडं टाकतो? एकदा वाटतं, आमच्या दारातून जाईल का? (धाकटीने मोजलं. जाईल.) एकदा वाटतं, बाबा त्याच्याकडेही त्या भिंतीसारखं बघत बसले तर?

पहिलवानाला विचारलं. तो म्हणाला, "माझं ऐकशील तर बायको आण. तीही दिवे लावते, आवाज करते, आणि जास्त हलवलं की बंद पडते."

"तुला काय माहीत? तुझं कुठे झालंय?"

"म्हणून तर निष्पक्ष सांगतोय."

२३ फेब्रुवारी, रविवार

आज बाईने मला नव्या दीपगृहावर खेळू दिलं. गिऱ्हाइकाला हात बसू द्यावा म्हणाली. मी आधी आडदांडपणाच केला. गोळी हातांमधून जायला लागली की पेटीला दणका. टिल्ट. परत दणका. टिल्ट. प्रत्येक वेळी समुद्र काळा व्हायचा.

बाई म्हणाली, "तुम्ही गोळी जायच्या आधीच घाबरता. तिला येऊ द्या. अगदी जवळ येऊ द्या. आणि मग नुसतं खांद्याने सांगा."

खांद्याने सांगा! मी थांबलो. गोळी आली, अगदी मधोमध, जाणारच होती. मी पेटीला तळहाताने जेमतेम ढकललं, आणि ती केसभर सरकली, हाताच्या टोकाला लागली, आणि वर गेली. गलबतात शिरली. सगळे दिवे एकदम लागले, दीपगृह वेड्यासारखं फिरायला लागलं, आणि आतून दुसरी गोळी आली, तिसरी आली. माझे डोळे भरून आले. हसण्यासारखं आहे, पण आले. एवढ्याशा धक्क्याने एवढं सगळं होऊ शकतं, हे मला कुणी आजवर सांगितलंच नव्हतं.

मी विचारलं, गोळी खाली येतेच कशी. ती म्हणाली, उतार. मागची बाजू उंच, पुढची खाली. वीतभर लांबीला बोटभर, थोडं जास्तच. आणि आडवं मात्र अगदी पाणसळीत, नाहीतर गोळी एकाच अंगाला पळते, खेळात राम राहत नाही.

घरी फोन करून बाबांना हे सांगितलं, कारण पाणसळ म्हटल्यावर त्यांना बरं वाटेल. त्यांनी दोनदा विचारलं, "लांबीला उतार, आडवं सपाट?" मी म्हणालो हो. "उतार किती ठेवायचा?" मी म्हणालो वीतभराला बोटभर, थोडं जास्तच.

"कुणाचं बोट?"

मी म्हणालो तुमचंच धरा.

मग लांबी विचारली, रुंदी विचारली. एखाद्या स्थळाची चौकशी करावी तशी. मोडायच्या बेताने करतात तशी.

१ मार्च

बाबा फोनवर आले नाहीत. आई म्हणाली कामात आहेत. खिडकीशी बसणाऱ्या माणसाला कसलं आलंय काम? मागे कुठेतरी ठक ठक चाललं होतं. विचारलं तर म्हणाली, शेजारी काहीतरी चाललंय. ती मधे मधे खोकत होती. धूळ फार झालीय म्हणाली.

म्हणजे आता फोनलाही येत नाहीत. इतका राग.

धाकटीने यंत्राचा फोटो मागितला. आधी पाठवलाय म्हटलं तर म्हणाली, "तसा नको दादा. काचेवर वाकून, अगदी वरून सरळ काढलेला पाहिजे. सगळ्या खुंट्या दिसायला हव्यात."

"तुला कशाला?"

"मैत्रिणींना दाखवायला."

मैत्रिणींना खुंट्यांचं काय कौतुक? पण पाठवला. घरात एकाला तरी आवड आहे.

५ मार्च

मुकादम म्हणाला, "भिंगरी, रजेचं काय? घेतोस की विकतोस? रविवारी मला नावं कळवायचीत."

मी म्हणालो विकायचा विचार आहे.

तो दोर गुंडाळत होता. गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "मी तीनदा विकली. घरी चांगला पंप बसला. आमच्या धाकट्या पोराला पंपाचा आवाज ओळखीचा आहे."

त्याला पंपाचा इतका अभिमान असेल असं वाटलं नव्हतं.

८ मार्च, शनिवार



काम संपवून दुकानात गेलो होतो, यंत्र माझ्यासाठी धरून ठेवा सांगायला. अगदी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात फोन वाजला. धाकटीने व्हिडिओ पाठवला होता. खाली लिहिलं होतं, "दादा, बाबांनी सांगू नको म्हटलं होतं, पण मला राहवत नाही."

आमची बाहेरची खोली. खुर्ची नाही. खिडकीखाली, जिथे खुर्ची असायची, तिथे सिमेंटचा एक ओटा. लांबी-रुंदी अगदी मी सांगितलेली. आणि ओटा उतरता! एका टोकाला जमिनीत मिसळलेला, भिंतीच्या बाजूला घोट्याच्या वर चढलेला.

मला आधी कळेचना. मग कळलं आणि मी दुकानात मोठमोठ्याने हसायला लागलो. उतार यंत्राच्या पायांतच असतो! मागचे आटे फिरवायचे आणि झालं, जमीन सपाटच लागते. माझ्या डोळ्यांदेखत बाईने ते आटे फिरवले होते, आणि मी बाबांना नुसतं सांगितलं, उतार लागतो. आणि बाबांनी, जन्मभर सपाट फरशी घालणाऱ्या माणसाने, मुलाच्या शब्दावर स्वतःच्या घरात उतार बांधला.

हसता हसता पुढचं दिसलं आणि हसू कुठल्या कुठे गेलं.

ओट्याला दोन्ही अंगांनी विटांची बुटकी कड होती. सिमेंटमध्ये सळीचे तुकडे खुंट्यांसारखे रोवलेले होते, मी वरून काढलेल्या फोटोप्रमाणे, बरहुकूम. दीपगृहाच्या जागी आईचा तांब्या उपडा बसवलेला. गल्लीतली पोरं दोन्ही बाजूंना उकिडवी बसलेली. आणि खालच्या टोकाला, बुटक्या स्टुलावर, वाकडा पाय लांब करून बाबा. दोन्ही हातांत एकेक थापी.

परांचीवरून पडल्यापासून त्यांनी थापी हातात घेतलेली नव्हती.

एका पोराने वरून लोखंडाची गोळी सोडली. सायकलवाल्याकडची असणार. ती खुंटीला लागली, दुसरीला लागली, तांब्यावर टण्ण वाजली, आणि खाली यायला लागली. अगदी मधोमध. मला वाटलं गेली. बाबांनी घाई केली नाही. तिला येऊ दिलं. अगदी जवळ येऊ दिलं. मग डाव्या थापीने नुसतं सांगितलं, आणि गोळी वर गेली, पार तांब्यापर्यंत. पोरांनी आरडाओरडा केला. बाबा दरडावले, "ए, कडेवर हात टेकू नका! अजून कच्ची आहे!"

मागून आईचा आवाज, "जेवायला चला, सगळं गार झालं."

आणि बाबांचा, "थांब गं. एवढी एक गोळी."

व्हिडिओ संपला. मी परत लावला. बाईही माझ्या खांद्यावरून बघत होती. तिसऱ्यांदा तीच म्हणाली, "ती सुरुवात परत लावा." सुरुवातीला खुंट्या रोवायच्या आधी काढलेला तुकडा होता, त्यात गोळी मोकळ्या ओट्यावरून खाली येते. बाईने पडद्यावर गोळीच्या वाटेवर बोट धरलं. बोट सरळ खाली आलं.

"आडवं पाणसळीत आहे," ती म्हणाली. मग कोऱ्या दीपगृहाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघितलं. "काहीतरी सांगायला आला होतात."

मी म्हणालो, "विसरलो."

धाकटीला फोन लावला. ती एका दमात सांगत सुटली. "दादा, पहिल्या दिवशी सिमेंट मीच कालवलं. ते खुर्चीतून नुसतं सांगत होते, आणि मी चुकत होते, म्हणून वैतागून खाली उतरले. मग परत वर बसलेच नाहीत. ओटा झाल्यावर म्हणाले, गोळी सरळ येते का बघू. आली. मग म्हणाले, नुसती सरळ येऊन काय उपयोग, आणि वरचा थर पुरता वाळला नव्हता तोवर सळ्या रोवल्या. यंत्र आलं की कापू म्हणतात."

मी निघालो तेव्हा बाईने खणातून एक गोळी काढून माझ्या हातावर ठेवली. नवी. तिच्यात माझं तोंड फुगलेलं दिसत होतं आणि मागे अख्खं दुकान उलटं लटकलं होतं. "त्यांची गंजेल," ती म्हणाली. "ही न्या."

न्या म्हणाली. पाठवा नाही म्हणाली.

९ मार्च, रविवार

सकाळीच फोन केला. बाबांनीच उचलला.

"ओटा वाळलाय," म्हणाले. "कधी निघतंय यंत्र?"

"बाबा, यंत्र नाही घेत मी."

मला वाटलं, आता फोन आईकडे जाणार. एवढं केलं त्या माणसाने, गुडघे टेकून. काही क्षण तर वाटलं, जाऊ दे, घेऊनच टाकतो.

मग म्हणाले, "मग ओटा फोडायचा?"

"नाही, नाही! मी येतोय. रजा घेतोय. मला खेळायचंय त्याच्यावर."

मागे काहीतरी जोरात पडलं, भांडंच असावं. मी विचारलं काय झालं. आईचा आवाज आला, "काही नाही, मांजर." आमच्याकडे मांजर नाही. शेजाऱ्यांचं असेल.

बाबा म्हणाले, "तुझं वजन किती आता?"

"का?"

"ओट्याच्या कडेला टेकशील. पेलायला हवं."

मी म्हणालो बघून सांगतो.

मुकादमाला गोदामातच गाठलं. रजा घेतोय म्हणालो. तो म्हणाला, "आणि मशीन?"

"घरी लागलंय."

त्याने माझ्या पाठीवर थापटलं, ते जरा जोरातच. गोदामात सामान तोलायचा मोठा काटा आहे, जमिनीत बसवलेला. मी त्यावर चढलो. सुई डावीकडे गेली, उजवीकडे गेली, परत डावीकडे.

"अरे हलू नकोस," मुकादम म्हणाला. "काही दिसत नाही."

मी खिशातल्या गोळीवर मूठ धरली आणि उभा राहिलो. सुई आणखी थोडी डुलली. मग तीही ठरली.

आकडा बाबांना कळवला. पेलेल म्हणाले.